हद्दीपलीकडची आग : मुंबईभोवतीच्या शहरांची अग्निशमन दले

भारतीय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येतील अशा अठरा विषयांची जी यादी 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडली गेली तिच्यात, अग्निशमन सेवा हा सातवा विषय आहे. ही तरतूद अनिवार्य स्वरूपाची नसल्यामुळे वेगवेगळ्या राज्यांनी वेगवेगळे मार्ग पत्करले. केरळ, तामिळनाडू आणि पश्चिम बंगाल येथे अग्निशमन ही संपूर्ण राज्याची एकच सेवा असून तेथील अग्निशामक राज्य शासनाचा कर्मचारी असतो. महाराष्ट्रात मात्र, गुजरातप्रमाणेच, ही जबाबदारी मुख्यतः महानगरपालिका आणि नगरपरिषदा यांच्याकडे राहिली, आणि राज्य पातळीवरील अग्निशमन सेवा संचालनालयाकडे सल्ला, प्रशिक्षण, परवाने आणि देखरेख एवढेच काम आले. या रचनेमागचे तत्त्व चुकीचे नव्हते. ज्या गावात आग लागते त्या गावाच्या गल्ल्या, विहिरी, गोदामे आणि जुने वाडे यांची माहिती त्या गावच्या दलाकडेच असणार, हा विचार शहरे एकमेकांपासून दूर होती आणि त्यांच्यामध्ये शेते व खाजणे पसरलेली होती त्या काळात पुरेसा होता. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे तो ही शहरे एकमेकांना येऊन भिडल्यानंतरच्या काळाचा, आणि त्यातही मुंबईच्या भोवती वाढलेल्या लहान व मध्यम शहरांच्या अग्निशमन दलांचा.

मुंबई महानगर प्रदेश आज सुमारे 6,300 चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्यात मुंबई धरून नऊ महानगरपालिका आणि अंबरनाथ, कुळगाव-बदलापूर, पालघर, खोपोली, कर्जत, पेण, उरण, अलिबाग, माथेरान अशा नऊ नगरपरिषदा आहेत. शिवाय महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या वसाहती, सिडकोची, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, क्षेत्रे, बंदरे आणि शेकडो ग्रामपंचायती आहेत. यांतील बहुतेक महानगरपालिका अलीकडच्या आहेत. मीरा-भाईंदर 2002 मध्ये, वसई-विरार 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून, तर पनवेल 2016 मध्ये महानगरपालिका झाली. लोकसंख्या मात्र या निर्णयांची वाट पाहत थांबली नव्हती. मीरा-भाईंदरची वस्ती 2001 च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आत होती, ती 2011 मध्ये आठ लाखांवर गेली. त्याच दहा वर्षांत बदलापूरची वस्ती 98 हजारांवरून पावणेदोन लाखांपर्यंत पोचली. त्यानंतर जनगणनाच झालेली नसल्यामुळे या शहरांची दले आजही कागदावर 2011 च्या शहराचे रक्षण करीत आहेत, आणि प्रत्यक्षात त्यांच्यासमोर उभे आहे ते बारा-पंधरा मजली इमारतींचे, तळमजल्यावर दुकाने आणि वर दवाखाने असलेले, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाहने लावलेले शहर.

अशा दलाला किती साधने असावीत याचे मोजमाप देशात फार पूर्वीच ठरलेले आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने, जी 1950 च्या दशकात स्थापन झाली, शहरी भागात साधारण दर दहा चौरस किलोमीटरला एक अग्निशमन केंद्र, वर्दी मिळाल्यापासून पाच मिनिटांत बंब घटनास्थळी आणि तीन लाखांपर्यंतच्या वस्तीत दर पन्नास हजारांमागे एक पंप असलेले वाहन अशी सूत्रे सांगितली. वर्दी म्हणजे आगीची खबर. दलातली सगळी कामे वर्दीपासून मोजली जातात. या सूत्रांच्या कसोटीवर देशातील दले उतरतात का, हे पाहण्यासाठी गृह मंत्रालयाने करवून घेतलेल्या देशव्यापी अभ्यासात, 2012 च्या सुमारास, केंद्रांची तूट 97.54 टक्के, वाहनांची 80.04 टक्के आणि मनुष्यबळाची 96.28 टक्के आढळली. हे आकडे संपूर्ण देशाचे, ग्रामीण भाग धरून आहेत आणि त्यांना मुंबईभोवतीच्या एखाद्या शहराचे चित्र मानणे योग्य होणार नाही. तथापि त्यांत एक क्रम दिसतो जो या शहरांनाही लागू पडतो. तीन तुटींपैकी वाहनांची तूट सर्वांत कमी आहे. वाहन खरेदी करता येते, त्याची निविदा काढता येते, लोकार्पण सोहळ्यात त्याला हार घालता येतो. माणसांचे तसे नाही, आणि म्हणून या विषयाची चर्चा वाहनापासून सुरू न करता माणसापासून करणे आवश्यक आहे.

एका साध्या बंबाचा, ज्याला दलात वॉटर टेंडर म्हणतात, हिशेब मांडून पाहावा. त्यावर एक उपस्थानक अधिकारी किंवा प्रमुख अग्निशामक, एक चालक-यंत्रचालक आणि चार अग्निशामक असे सहा जण असावे लागतात. आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या, तर एका दिवसाला अठरा माणसे लागली. आता एका कर्मचाऱ्याच्या वर्षातून 52 साप्ताहिक सुट्ट्या आणि किरकोळ, अर्जित, वैद्यकीय रजा व सणाच्या सुट्ट्या मिळून आणखी सुमारे चाळीस दिवस वजा केले, तर तो 273 दिवस कामावर उपलब्ध राहतो. म्हणजे रोजच्या अठरा जागा वर्षभर रिकाम्या न ठेवण्यासाठी प्रत्यक्षात चोवीस माणसे नेमावी लागतात. एका बंबामागे चोवीस माणसे. दोन बंब आणि एक बचाव वाहन असलेल्या केंद्राला, नियंत्रण कक्षातील माणसे सोडून, सत्तरच्या आसपास माणसे हवीत. ज्या नगरपरिषदेच्या संपूर्ण दलाची मंजूर पदेच यापेक्षा कमी असतात आणि त्यांतलीही काही रिक्त असतात, तेथे हा हिशेब कसा सोडवला जातो हे उघड आहे. पाळी आठ तासांची राहत नाही, बारा किंवा चोवीस तासांची होते. सहाऐवजी चार माणसांवर, कधी तीन माणसांवर बंब बाहेर पडतो.

चार माणसांच्या बंबावर काय घडते ते समजून घेतले पाहिजे, कारण बघ्यांच्या गर्दीला बंब आलेला दिसतो, त्यावरची माणसे मोजली जात नाहीत. चालक पंपापाशी अडकतो, कारण पंपाचा दाब सांभाळणे हे सतत लक्ष देण्याचे काम आहे. अधिकाऱ्याने आगीचे आकारमान पाहायचे, वीजपुरवठा तोडायला सांगायचे, आत कोण अडकले आहे हे शेजाऱ्यांकडून काढायचे आणि आणखी मदत मागवायची. उरलेले दोघे होज, म्हणजे पाण्याची नळी, घेऊन धुरात शिरतात. त्या दोघांपैकी एकाला काही झाले तर त्याला बाहेर काढायला कोणीही नसते. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा नियमांत 1998 पासून एक बंधन आहे : प्राण घेऊ शकेल अशा धुरात किमान दोघांनी मिळून शिरावे आणि किमान दोघे श्वसनयंत्रासह बाहेर सज्ज असावेत, अपवाद फक्त आत माणूस अडकल्याचे माहीत असेल तेव्हाचा. महाराष्ट्रातील छोट्या दलांतले अग्निशामक हा अपवादच रोजचा नियम म्हणून जगत असतात, आणि त्यांच्या धैर्याची स्तुती करताना समाज त्यांच्या जिवावर मनुष्यबळाची बचत करीत असतो.

ही पदे भरली का जात नाहीत, याची कारणे आळस किंवा अनास्था या शब्दांनी उलगडत नाहीत. राज्यातील महानगरपालिकांचा आस्थापना खर्च, म्हणजे वेतन व तत्सम बाबींवरील खर्च, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत राहावा अशी शासनाची मर्यादा आहे आणि ती ओलांडलेल्या संस्थेला नवी भरती करणे अवघड जाते. लिपिक, सफाई कामगार, परिचारिका आणि अग्निशामक या सर्वांना ही एकच मर्यादा लागू होत असल्यामुळे, वाढत्या शहराचा आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, नव्याने मान्य होऊनही तो कागदावर राहतो. मग मार्ग काढला जातो तो कंत्राटी नेमणुकांचा. कंत्राटी अग्निशामक कमी निष्ठेने काम करतो असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. प्रश्न वेगळा आहे. अग्निशमन हे सामूहिक आणि सवयीचे कौशल्य आहे. धुरात शेजारच्या माणसाचा हात कोठे असेल हे न बोलता कळावे लागते, आणि ठेका बदलला की माणसे बदलतात. शिवाय जो माणूस अकरा महिन्यांच्या करारावर आहे, त्याला प्रशिक्षणावर सहा महिने पाठवण्यास कोणती संस्था तयार होईल, आणि त्याला इजा झाल्यास त्याच्या घरच्यांचे काय, हे प्रश्न कराराच्या कागदात शेवटच्या पानावर असतात.

याच्या जोडीला बढतीचा प्रश्न आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. मुंबईच्या दलात अग्निशामक म्हणून लागलेला हुशार तरुण उपस्थानक अधिकारी, स्थानक अधिकारी, विभागीय अधिकारी अशा पायऱ्या चढण्याची आशा धरू शकतो. एकाच केंद्राच्या शहरात मात्र वरच्या पदांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी असते, आणि अग्निशामक म्हणून लागलेला माणूस बहुधा त्याच पदावरून निवृत्त होतो. नगरपरिषदांतील अग्निशमन अधिकाऱ्यांसाठी राज्यस्तरीय संवर्ग तयार झाला आहे, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण महानगरपालिकांची आस्थापना प्रत्येकीची स्वतंत्र असल्यामुळे, ज्या अधिकाऱ्याने भिवंडीत गोदामांच्या आगी वर्षानुवर्षे हाताळल्या त्याचा अनुभव पनवेलला कधीच मिळत नाही. कालिना येथील राज्याची अग्निशमन प्रशिक्षण संस्था आणि 1950 च्या दशकापासून चालत आलेले नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणे शिकवायला समर्थ आहेत. अडचण शिकायला माणूस सोडण्याची आहे. ज्या पाळीत चारच माणसे आहेत तिच्यातून एक प्रशिक्षणाला गेला की बंब तिघांवर येतो.

साधनांचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. वॉटर टेंडरच्या टाकीत साधारणपणे साडेचार हजार लिटर पाणी असते आणि त्याचा पंप मिनिटाला सव्वादोन हजार लिटर पाणी फेकू शकतो. पूर्ण क्षमतेने पंप चालवला तर टाकी दोन मिनिटांत रिकामी होते. म्हणून बंबाचे खरे सामर्थ्य टाकीत नसून मागून येणाऱ्या टँकरांच्या रांगेत आणि रस्त्यावरच्या हायड्रंटमध्ये, म्हणजे जलवाहिनीला जोडलेल्या अग्निशमन नळखांबात असते. मुंबईभोवतीच्या ज्या शहरांत पिण्याचे पाणीच दिवसाआड किंवा ठरावीक तासांनी येते, तेथे हायड्रंटचे जाळे असले तरी त्यात दाब असेल याची खात्री नसते. श्वसनयंत्राचेही असेच आहे. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे 1,800 लिटर, आणि श्रम करणारा माणूस मिनिटाला चाळीस लिटर वापरतो असे धरले तर ती पाऊण तास पुरते; जिना चढताना, बेशुद्ध माणूस खांद्यावर घेताना ती त्याहून कितीतरी लवकर संपते. दलाकडे दहा श्वसनयंत्रे असून हवा भरणारा कॉम्प्रेसर नसेल, तर पहिल्या तासानंतर ती दहा यंत्रे निरुपयोगी असतात. खरेदीच्या यादीत यंत्र ठळकपणे दिसते आणि त्याला चालू ठेवणारी वस्तू दिसत नाही, हा दोष लहान दलांच्या अंदाजपत्रकांत वारंवार आढळतो.

उंच शिडीची गोष्ट वेगळी काढून पाहण्यासारखी आहे. टर्नटेबल लॅडर किंवा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म, म्हणजे वाहनावर बसवलेली फिरती व उंच जाणारी शिडी वा पाळणा, ही कोट्यवधी रुपयांची वस्तू आहे. मुंबईच्या दलाकडे 90 मीटर उंची गाठणारी साधने आहेत. शेजारच्या शहरात तीस मजली इमारत उभी राहिली की तेथेही अशी शिडी हवी अशी मागणी येते आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु प्रत्येक शहराने आपापली शिडी घेणे हा पैशाचा आणि कौशल्याचाही अपव्यय आहे. अशी शिडी चालवणाऱ्याला नियमित सराव लागतो, तिला पसरायला रुंद आणि भक्कम जागा लागते, तिच्या सुट्या भागांसाठी परदेशी उत्पादकावर अवलंबून राहावे लागते, आणि वर्षातून तिचा खरा उपयोग एखाददोन वेळा होतो. राष्ट्रीय इमारत संहिता 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला उंच इमारत मानून तिच्या आतच, उंचीनुसार, पाण्याच्या उभ्या वाहिन्या, पंप, अग्निशमन लिफ्ट आणि आसऱ्याची जागा यांची सक्ती करते, ती याच कारणाने. विसाव्या मजल्यावरची आग बाहेरच्या शिडीने नव्हे, तर आतल्या वाहिनीने विझते. तीन-चार शहरांनी मिळून एक उंच शिडी, एक फोम टेंडर, म्हणजे तेल व रसायनांच्या आगीवर फेस फवारणारे वाहन, आणि एक रासायनिक बचाव वाहन ठेवावे, आणि प्रत्येक शहराने स्वतःपुरते साधे बंब व पुरेशी माणसे ठेवावीत, हा मार्ग शहाणपणाचा आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने 2023 मध्ये अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी 5,000 कोटी रुपयांची योजना आणली, जिच्यात बहुतेक राज्यांनी स्वतःचा 25 टक्के वाटा घालावयाचा आहे. हा निधी सामायिक साधनांवर खर्च झाला तरच तो या शहरांच्या कामाला पुरेल.

सहकार्याचा प्रश्न येथून सुरू होतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण भिवंडीचे आहे. भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर माणकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडे या गावांतून गोदामांचा जो विशाल पट्टा पसरला आहे, तो ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात येतो. तेथील नियोजनाचे अधिकार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, घरपट्टी ग्रामपंचायतीकडे, आणि गोदाम पेटले की धावायचे भिवंडी महानगरपालिकेच्या दलाने, अशी तेथील वाटणी झाली आहे. ज्या गोदामात कापड, प्लास्टिक, रंग, औषधे आणि आता लिथियम बॅटऱ्या शेजारी शेजारी रचलेल्या असतात, त्यात काय साठवले आहे याची माहिती आग विझवायला येणाऱ्या दलाकडे नसते, कारण परवानगी त्याने दिलेली नसते. अशा आगी दोन-दोन दिवस धुमसत राहतात. तेवढा वेळ शहराचे बंब हद्दीबाहेर असतात आणि सात लाखांहून अधिक वस्तीचे शहर जवळपास उघडे पडते. डोंबिवलीलगतच्या 27 गावांचा इतिहास हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने दाखवतो : ही गावे 1983 मध्ये कल्याण-डोंबिवलीत आली, 2002 मध्ये बाहेर गेली, 2015 मध्ये पुन्हा आत आली. हद्द तीनदा बदलली. गावांत उभ्या राहिलेल्या इमारती आणि त्यांचे अरुंद रस्ते तेच राहिले.

डोंबिवलीच्याच औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 रोजी एका रासायनिक कारखान्यातील स्फोटात 12 जणांचा मृत्यू झाला आणि आठ वर्षांनी, 23 मे 2024 रोजी, तेथेच दुसऱ्या एका कारखान्यातील स्फोटात पुन्हा दहाहून अधिक माणसे गेली. अशा वेळी एमआयडीसीचे, महानगरपालिकेचे आणि शेजारच्या शहरांचे बंब एकाच रस्त्यावर येऊन पोचतात. ते येतात, हे मान्यच केले पाहिजे. मुंबईभोवतीच्या दलांनी एकमेकांना नाही म्हटल्याची उदाहरणे शोधावी लागतील. ठाण्याने उभारलेले आपत्ती प्रतिसाद पथक 2020 मध्ये भिवंडीतील इमारत कोसळल्यावर तेथे राष्ट्रीय पथकाच्या बरोबरीने ढिगारे उपसत होते. न्यूनता आहे ती सद्भावनेची नव्हे, पूर्वरचनेची. मदत मागायची की नाही हे पहिल्या बंबाच्या अधिकाऱ्याने आग पाहिल्यावर ठरते, मग दूरध्वनी होतात, मग शेजारचे शहर आपल्या वरिष्ठांना विचारते, मग बंब निघतो. आणि पोचल्यावर दोन दलांचे बिनतारी संच एकमेकांशी बोलू शकत नाहीत, हुकूम कोणाचा चालायचा हे ठरलेले नसते. रासायनिक आगीत हीच पहिली तीस मिनिटे निर्णायक असतात. विशेष म्हणजे कारखानदारांनी हे काम आधी केले आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर आलेल्या नियमांच्या चौकटीत ठाणे-बेलापूर, तळोजा, पाताळगंगा या पट्ट्यांत कारखान्यांचे परस्पर साहाय्य गट तयार झाले, ज्यांत कोणाकडे किती फोम आहे आणि कोणी काय घेऊन यायचे हे आधी लिहिलेले असते. जे खासगी कारखाने करू शकले ते लोकनियुक्त संस्थांना अशक्य असण्याचे कारण नाही.

याबाबतीत जगाचा अनुभव उपयोगी आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराला 7 फेब्रुवारी 1904 रोजी आग लागली तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क येथून बंब आगगाडीने आले, पण त्यांच्या नळ्यांच्या जोडण्या बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. त्यानंतर जोडणीचे राष्ट्रीय मानक ठरले. तरीही 1991 मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर आग भडकली आणि 25 जणांचा बळी गेला तेव्हा तेथील हायड्रंटची तोंडे तीन इंचांची आणि मदतीला आलेल्या दलांच्या नळ्या अडीच इंचांच्या निघाल्या. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धापूर्वी दीड हजाराच्या आसपास स्वतंत्र दले होती, जर्मन विमानहल्ल्यांत ती एकमेकांच्या कामाला येईनात म्हणून ऑगस्ट 1941 मध्ये ती सर्व एका राष्ट्रीय सेवेत विलीन केली गेली, आणि 1948 मध्ये ती पुन्हा स्थानिक संस्थांकडे देताना गावोगावच्या नव्हे, तर मुख्यतः काउंटी म्हणजे जिल्हावजा घटकांच्या हाती दिली गेली. भारतात भारतीय मानक 903 ने 63 मिलिमीटरची झटपट बसणारी जोडणी ठरवून दिलेली असल्यामुळे, कल्याणची नळी अंबरनाथच्या बंबाला लागते. वस्तू जुळल्या आहेत. संदेश आणि हुकूम जुळायचे राहिले आहेत.

या दृष्टीने सर्वांत अभ्यसनीय प्रयोग शिकागोच्या उपनगरांचा आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तेथील लहान गावांच्या दलांनी परस्पर साहाय्याची एक व्यवस्था उभारली, जिचा विस्तार पुढे इलिनॉय राज्यातील हजाराहून अधिक दलांपर्यंत आणि शेजारच्या राज्यांपर्यंत झाला. तिचे मर्म एका कार्डात आहे. गावाच्या प्रत्येक भागासाठी आधीच एक कार्ड भरून ठेवलेले असते, ज्यात आगीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पातळीला कोणत्या गावाचा कोणता बंब, कोणती शिडी आणि कोणता अधिकारी निघेल हे लिहिलेले असते. घटनास्थळावरच्या अधिकाऱ्याने पातळी सांगायची; बाकीचे नियंत्रण कक्ष करतो, कोणाची परवानगी मागायची नसते. त्याच कार्डात आणखी एक गोष्ट असते, जी भिवंडीच्या संदर्भात फार मोलाची आहे : मदतीला गेलेल्या दलाचे केंद्र रिकामे पडू नये म्हणून त्याच्या जागी येऊन उभा राहणारा तिसऱ्या गावाचा बंबही आधीच नेमलेला असतो. गावांची स्वायत्तता कायम राहते, त्यांची दले त्यांचीच राहतात, फक्त आगीच्या प्रसंगी ती एका दलासारखी वागतात. अमेरिकेतील सर्वच गोष्टी अनुकरणीय आहेत असे नाही. तेथील लहान गावांची दले मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांवर चालतात आणि ती संख्या 1984 मधील सुमारे नऊ लाखांवरून 2020 मध्ये पावणेसात लाखांपर्यंत घसरली आहे. एकट्या पेनसिल्व्हेनियात 1970 च्या दशकात असलेले तीन लाख स्वयंसेवक 2018 पर्यंत चाळीस हजारांच्या आत आल्याचे तेथील विधिमंडळाच्या समितीने नोंदवले. माणसे आटत चालली की सहकार्याची उत्तम व्यवस्थाही रिकाम्या केंद्रांकडेच मदत मागू लागते. म्हणूनच परस्पर साहाय्य हे मनुष्यबळाला पर्याय म्हणून मांडले जाऊ नये.

मुंबई महानगर प्रदेशात या धर्तीवर काय उभे करता येईल, याचा आराखडा कठीण नाही. सर्व दलांसाठी एक सामायिक नियंत्रण कक्ष किंवा निदान एकमेकांशी जोडलेले कक्ष, सर्वांना ऐकू येणारी एक बिनतारी वाहिनी, हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यात जो बंब जवळ असेल तोच पहिला निघेल असा नियम, घटनास्थळी नेतृत्व कोणाचे याचा लेखी निर्णय, आणि खर्चाची वर्षअखेरीस होणारी वाटणी. खर्चाचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण कोणत्याही कराराचा कस तेथेच लागतो. डिझेल, फोम, तुटलेली नळी आणि जखमी कर्मचाऱ्याची भरपाई कोणी द्यायची हे ठरले नसेल, तर दुसऱ्या वर्षी लेखापरीक्षणाचे आक्षेप येतात आणि तिसऱ्या वर्षी अधिकारी बंब पाठवताना कचरतो. ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात जो विकास प्राधिकरणाच्या परवानगीने झाला आहे, त्याच्या अग्निसंरक्षणाचा खर्च त्या परवानगीतून मिळणाऱ्या शुल्कातून शेजारच्या दलाला मिळाला पाहिजे. या सूचनांना विरोध होतो तो बहुधा स्वायत्ततेच्या नावाने, आणि तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे, कारण राज्याकडे गेलेली सेवा गावाला परकी होते हा अनुभव इतर क्षेत्रांत आलेला आहे. परंतु सामायिक व्यवस्था म्हणजे विलीनीकरण नव्हे. वसईच्या दलाने वसईचेच राहावे. मात्र खाडीपलीकडे मीरा-भाईंदरला धूर दिसला तर त्याने कोणाच्या सहीची वाट पाहू नये.

आग लागू नये म्हणून करायच्या कामाचा उल्लेख येथे केल्याशिवाय विषय पुरा होत नाही, कारण मनुष्यबळाची टंचाई सर्वांत आधी त्यालाच मारते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा डिसेंबर 2008 पासून लागू असून, इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करण्याची जबाबदारी त्याने मालक किंवा भोगवटादारावर टाकली आहे. कायदा चांगला आहे. परंतु आलेली प्रमाणपत्रे खरी आहेत का हे पाहायला जाणारा अधिकारी तोच असतो जो रात्री बंबावर होता. विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात 23 एप्रिल 2021 रोजी पहाटे आग लागली आणि किमान 13 रुग्ण दगावले. अशा विभागात, जेथे रुग्ण स्वतः उठून पळू शकत नाही, तेथे पाच मिनिटांत पोचणारा बंबही बहुधा उशिराच पोचतो. तेथे प्राण वाचतात ते आधीच्या महिन्यात झालेल्या तपासणीने. म्हणून तपासणीचे काम करणारी माणसे बंबावरच्या माणसांपासून वेगळी आणि जादा असली पाहिजेत, व लहान शहरांना ती परवडत नसतील तर दोन-तीन शहरांनी मिळून नेमली पाहिजेत.

14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, कारण 1944 मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट होऊन दलाचे 66 जण मृत्युमुखी पडले. जहाजात कापसाच्या गासड्यांबरोबर मोठा दारूगोळा होता, आणि तरीही हे अग्निशामक आगीजवळून हटले नाहीत. त्यांच्या नावाने दरवर्षी सप्ताह साजरा होतो, निधी गोळा होतो, मानवंदना दिली जाते. हे सर्व उचित आहे. मात्र त्यांच्या वारसांचे, म्हणजे आज बदलापूर, विरार, पनवेल किंवा भिवंडीच्या केंद्रात बसलेल्या माणसांचे ऋण मानवंदनेने फिटणारे नाही. प्रत्येक महानगरपालिकेचे आणि नगरपरिषदेचे अंदाजपत्रक दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते आणि ते नागरिकाला पाहता येते. तेव्हा या श्रोतृवर्गातील प्रत्येक नागरिकाने येत्या अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या नगरसेवकाला आणि आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : शहराच्या दलाची मंजूर पदे किती व भरलेली किती, एका पाळीत एका बंबावर प्रत्यक्षात किती माणसे असतात, आणि शेजारच्या शहरांशी परस्पर साहाय्याचा लेखी करार आहे की नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत दर वर्षी विचारत राहावे.